‘नाग’ शब्दाची कुळे

मराठीत ‘नाग’ म्हटले की एकच साप समजला जातो: डिवचल्यावर अंग उचलून फणा काढणारा, फण्यावर दहाचा आकडा मिरवणारा. धामण, दिवड, नानेटी, घोणस, फुरसे, मण्यार हे सगळे साप खरे, पण त्यांतल्या एकालाही कोणी नाग म्हणणार नाही. संस्कृतात मात्र हा शब्द इतका आखडलेला नव्हता. तिथे त्याचा अर्थ साप होतो, हत्ती होतो, शिसे होते, पाताळात राहणारी एक देवयोनी होते आणि ‘आठ’ ही संख्याही होते. या अर्थांतले बरेचसे मराठीतही आले. काही पंचांगात जाऊन बसले, काही वैद्याच्या खलात, काही मसाल्याच्या डब्यात, तर काही गावांच्या आणि घराण्यांच्या नावांत.

वेदांच्या जुन्या भागात सापासाठी ‘अहि’ आणि ‘सर्प’ हे शब्द आहेत. इंद्राने मारलेला वृत्र हा ‘अहि’ आहे. त्याचे भावंड इराणी परंपरेतला ‘अझि’. ‘सर्प’ हा सृप् म्हणजे सरपटणे या धातूपासून झालेला सरळ वर्णनात्मक शब्द. ‘नाग’ त्या मानाने उशिरा दिसू लागतो. शतपथ ब्राह्मणात ‘महानाग’ असा उल्लेख आहे, पण तिथे मोठा साप अभिप्रेत आहे की मोठा हत्ती, हे संदर्भावरून निश्चित करता येत नाही. ऐतरेय ब्राह्मणात तोच शब्द हत्तीसाठी आहे. म्हणजे पहिल्या नोंदींपासूनच दोन अर्थ एकमेकांत गुंतलेले. जुन्या वैयाकरणांनी ‘नग’ म्हणजे पर्वत, त्यात राहणारा तो नाग, अशी व्युत्पत्ती दिली. ती सापालाही लागू पडते आणि हत्तीलाही, म्हणूनच तिच्यावर फार भार टाकता येत नाही. सोंड सापासारखी दिसते म्हणून हत्तीला नाग म्हटले, ही समजूतही अशीच सोयीची आहे.

मराठीतला ‘साप’ आणि मराठीतला ‘नाग’ यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्या शब्दांच्या रूपातच दिसतात. ‘सर्प’चे प्राकृतात ‘सप्प’ झाले आणि त्याचे ‘साप’. हा शब्द लोकांच्या तोंडून झिजत झिजत आला. ‘नाग’ तसा झिजलेला नाही. दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा ‘ग’ महाराष्ट्री प्राकृतात टिकत नसे. ‘नगर’चे ‘नेर’ झाले ते त्यामुळेच, अमळनेर, संगमनेर या गावांच्या नावांत तो झिजलेला शेवट आजही आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राजा सातकर्णी आणि त्याची राणी यांचे पुतळे होते. आज तिथे पुतळ्यांची फक्त पावले आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. त्यात राणीचे नाव ‘नायनिका’ असे आहे. अभ्यासक तिला ‘नागनिका’ म्हणतात, कारण ‘नाग’चे ‘नाय’ झाल्याचा तो कोरीव पुरावा आहे. सिंहलीत नागाला आजही ‘नया’ म्हणतात. मराठीत मात्र ‘ग’ शाबूत आहे, म्हणजे हा शब्द संस्कृतातून पुन्हा उचललेला. साप अंगणातून आला आणि नाग पोथीतून. नागाबरोबर देव, कुळे, धातू आणि तिथी आल्या आणि सापाबरोबर त्यातले काहीच आले नाही, याचे कारण इथे आहे.

संस्कृत कोशकारांनी नाग आणि सर्प यांत भेद केला होता. अमरकोशात नाग हे कद्रूचे पुत्र म्हणून पाताळाच्या वर्गात येतात. शेष अथवा अनंत त्यांचा अधिपती आहे आणि वासुकी हा सापांचा राजा. गीतेच्या दहाव्या अध्यायातही सर्पांमधला श्रेष्ठ वासुकी आणि नागांमधला श्रेष्ठ अनंत अशी दोन वेगळी नावे येतात. एकाच यादीत दोन्ही शब्द आल्याने भाष्यकारांना त्यांतला फरक सांगणे भाग पडले. रामानुजांच्या मते एक डोके असलेला तो सर्प, अनेक डोक्यांचा तो नाग. श्रीधरस्वामींच्या मते विषारी तो सर्प आणि बिनविषारी तो नाग. आजच्या मराठी वाचकाला हे दुसरे स्पष्टीकरण उलटेच वाटेल. पण त्यांच्यासमोर वारुळातला फणाधारी प्राणी नव्हता, पुराणातली देवयोनी होती.

हत्ती हा अर्थ संस्कृत साहित्यात शेवटपर्यंत जिवंत राहिला. महाभारतात हस्तिनापुराला ‘नागसाह्वय’ म्हणजे नागाचे नाव धारण करणारे नगर म्हटले आहे. इथला नाग हत्ती आहे, साप नव्हे. त्याच ग्रंथात इतरत्र तक्षक आणि ऐरावत कुळातले खरे नाग वावरतात, त्यामुळे गफलत व्हायला भरपूर वाव आहे. ‘नागदंत’ म्हणजे हस्तिदंत आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भिंतीतली खुंटी. बाहेर आलेली लाकडी खुंटी सुळ्यासारखी दिसते म्हणून. मराठीने हा हत्ती जवळजवळ टाकून दिला.

गणित-ज्योतिषाच्या ग्रंथांत संख्या आकड्यांऐवजी शब्दांनी सांगण्याची पद्धत होती. डोळे म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, तसा ‘नाग’ म्हणजे आठ. दिशांचे हत्ती आठ आणि प्रमुख नागही आठ, त्यामुळे दोन्ही अर्थांनी हिशेब जुळतो. ताम्रपट-शिलालेखांतल्या शकवर्षांत अशा शब्दसंख्या येतात आणि त्या वाचणाऱ्याला त्यांचे संकेत ठाऊक असावे लागतात. पंचांगातल्या अकरा करणांपैकी चार स्थिर आहेत, त्यांत ‘नाग’ एक. शरीरातल्या पाच उपवायूंपैकी पहिला ‘नाग’, आणि त्याचे काम ढेकर आणणे. पाताळाचा स्वामी असलेल्या नावाला योगशास्त्राने दिलेली ही जबाबदारी जरा हलकीच म्हणावी लागेल.

रसवैद्यांचा ‘नाग’ म्हणजे शिसे. कथिलाला ‘वंग’ आणि शिशाला ‘नाग’ ही जोडी आयुर्वेदाच्या ग्रंथांत सतत भेटते. भावप्रकाशात या धातूची उत्पत्ती वासुकीच्या वीर्यापासून सांगितली आहे. एका सुंदर नागकन्येला पाहून वासुकीचे रेत स्खलित झाले आणि त्याचे शिसे झाले, अशी ती कथा. जड, मऊ, काळपट आणि विषारी असा हा धातू, तेव्हा नाव अगदीच गैरलागू नाही. ‘नागभस्म’ म्हणजे शोधन-मारण करून तयार केलेले शिशाचे भस्म. त्यात सापाचा काही अंश असतो अशी समजूत असलेले लोक भेटतात. प्रत्यक्षात त्यात शिसे असते, आणि शिसे शरीरात साठून अपाय करते हे आता सर्वमान्य असल्याने अशा औषधांबद्दल सावधगिरी बाळगली जाते.

महाभारताचा आरंभच नागांच्या वैरातून होतो. कद्रू आणि विनता या सवतींची पैज, कद्रूने आपल्याच पुत्रांना दिलेला शाप, तक्षकाच्या दंशाने परीक्षिताचा मृत्यू, जनमेजयाचे सर्पसत्र आणि ते थांबवणारा आस्तिक. हा आस्तिक जरत्कारू नावाच्या ऋषीचा मुलगा आणि त्याची आई वासुकीची बहीण, म्हणजे तो अर्धा नागकुळातला. अर्जुनाची एक पत्नी उलूपी ही नागकन्या. कृष्ण आणि अर्जुन खांडववन जाळतात तेव्हा तक्षक तिथे नसतो, त्याची पत्नी मरते आणि मुलगा अश्वसेन निसटतो. तोच पुढे कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनावर येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांना इतके नातेसंबंध, इतकी राज्ये आणि इतकी जुनी वैरे कशी, हा प्रश्न आधुनिक अभ्यासकांना पडला, आणि हे नाग म्हणजे नागचिन्ह मानणारे मानवसमूह असावेत, हा विचार त्यातून पुढे आला. मराठीत इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनदाहाकडे या अंगाने पाहिले: जंगल जाळून जमीन मोकळी करणाऱ्यांच्या हातून त्या जंगलातली माणसे मेली. ही मांडणी पटण्याजोगी असली, तरी महाभारतातला प्रत्येक नाग माणूसच होता असे तिच्यातून निघत नाही. ग्रंथाने दोन्ही रूपे जाणूनबुजून सरमिसळ ठेवली आहेत.

बौद्ध आणि जैन परंपरांत नाग हा रक्षक आहे. बोधीनंतर ध्यानस्थ बुद्धावर वादळी पावसात फणा धरणारा मुचलिंद नाग शिल्पांत वारंवार दिसतो. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाचे जे अवशेष निघाले, त्यांत मुचलिंदाचे शिल्प त्याच्या नावासह आहे. जैनांच्या पार्श्वनाथाच्या डोक्यावर सात फण्यांचे छत्र असते. पाली साहित्यात बुद्धाला आणि अर्हतांनाही ‘नाग’ म्हटले आहे, तिथे हत्तीची धीमी थोरवी मनात आहे. सुत्तनिपातात या शब्दाची फोड ‘पाप न करणारा’ अशी केली आहे. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरणारी नाही, पण शब्दाला आपल्या बाजूला वळवून घेण्याची हातोटी तीत आहे. विनयपिटकातली कथा तर आजही आचारात आहे. एक नाग माणसाचे रूप घेऊन भिक्षू झाला, पण झोपेत त्याचे मूळ रूप प्रकट झाले आणि त्याला संघ सोडावा लागला. तेव्हापासून दीक्षा घेणाऱ्याला ‘तू मनुष्य आहेस का?’ असे विचारले जाते, आणि थायलंडमध्ये दीक्षेपूर्वी उमेदवाराला ‘नाक’ म्हणजे नागच म्हणतात. चिनी भाषांतरकारांना आपल्याकडे नागाच्या जोडीचे काही सापडले ते ड्रॅगनमध्ये, म्हणून नागार्जुनाच्या चिनी नावात ड्रॅगन येऊन बसला.

अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर डाव्या हाताला नागराज आणि त्याची राणी यांचे शिल्प आहे. राजा आरामात, एक पाय दुमडून बसलेला. त्याच्या डोक्यामागे सात फण्यांचे वलय, राणीच्या मागे एकच फणा, बाजूला चवरी धरलेली सेविका. सापाचे अंग कुठेच नाही. फणे नसते तर हे एखाद्या वाकाटक दरबारातले जोडपे वाटले असते. १६ क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा आहे, त्यात या विहाराबरोबर नागेंद्राच्या निवासाचाही उल्लेख येतो, आणि त्या लेण्याच्या पायऱ्यांवर नागराज बसलेला आहेच. डोंगर, पाणी आणि नाग ही सांगड बौद्धांच्या आधीची असावी. लेणी कोरणाऱ्यांनी तिथल्या जुन्या मालकाला घरातून बाहेर काढले नाही, दारात जागा दिली.

कुळांच्या नावांत नाग केव्हा शिरला हे शिलालेख सांगतात. कान्हेरीच्या एका लेखात नागमुलनिका नावाची दानकर्ती आहे, महारठीची पत्नी आणि खंदनागसातकाची आई. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात मध्य भारतात पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरजवळचे पवाया येथे नागराजे राज्य करीत. वाकाटकांच्या ताम्रपटांत रुद्रसेन पहिला हा भारशिव घराण्यातल्या भवनागाचा नातू, मुलीचा मुलगा, असे अभिमानाने सांगितले आहे. समुद्रगुप्ताने ज्या राजांचा उच्छेद केला त्यांत नागसेन आणि गणपतिनाग यांची नावे प्रयागच्या स्तंभावर आहेत. त्याचाच मुलगा चंद्रगुप्त दुसरा याने पुढे कुबेरनागा या नागकुळातल्या राजकन्येशी लग्न केले. त्यांची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली गेली, आणि तिच्या पुणे ताम्रपटात आईचे नागकुळ नोंदवलेले आहे. एका पिढीने नाग मारले आणि पुढच्या पिढीने त्यांच्याशी सोयरीक केली. राजकारणात हे नवे नव्हते. नंतरच्या काळात कर्नाटकातले सिंद, बस्तरचे छिंदक आणि कवर्ध्याचे फणिनाग यांनी आपला वंश नागापासून सांगितला. राजाला सूर्य-चंद्रासारखा थोर पूर्वज हवा असे, आणि ज्यांची मुळे स्थानिक होती त्यांना पाताळाचा स्वामी जवळचा वाटला.

नागपूरचे नाव नाग नदीवरून पडले असे सर्रास सांगितले जाते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १८ व्या शतकाच्या आरंभी ‘राजापूर बारसा’ नावाची बारा खेडी एकत्र करून शहर वसवले, हेही खरे. पण नाव त्याच्या फार आधीचे आहे. राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याचा इ.स. ९४० चा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातल्या देवळी येथे मिळाला, त्यात ‘नागपूर-नंदिवर्धन’ असा विषयाचा म्हणजे प्रांताचा उल्लेख आहे. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. तेव्हा नदीवरून गावाला नाव मिळाले की दोघांनाही एखाद्या नागकुळावरून, हा प्रश्न उरतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाग हे या देशातले मोठे प्राचीन लोक होते अशी मांडणी केली होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले: बुद्धाच्या धर्माचा प्रसार करणारे ते नाग लोकच होते, आणि ही त्यांची भूमी. एका नदीच्या नावाला यामुळे आधुनिक इतिहासात अर्थ आला. याच धाग्यात ‘नाक’ हा नामप्रत्यय येतो. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईशी नाव जोडलेला शिदनाक महार असो की भीमा-कोरेगावच्या स्तंभावरची नावे असोत, हा शेवट अनेकदा दिसतो. कार्ल्याच्या लेण्यातला महारठी अगिमितणक त्यापेक्षा दीड हजारांहून अधिक वर्षांनी जुना. काहींना या प्रत्ययात ‘नाग’ दिसतो, तर काहींना ‘नायक’. ध्वनीच्या नियमांवर दोन्ही बाजूंना बोलता येते.

देवळांतला नाग बहुधा शिवाच्या आश्रयाने राहतो. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला नामदेव आणि विसोबा खेचर यांच्या कथांमुळे वारकऱ्यांच्या मनात जागा आहे. ज्योतिर्लिंगांपैकी नागेश ते हेच की द्वारकेजवळचे, हा वाद जुना आहे. मोहोळ तालुक्यात वडवळचा नागनाथ, गोव्यात फोंड्याजवळ बांदिवड्याचा नागेश. बांदिवड्याच्या देवळातला शिलालेख १४१३ चा, म्हणजे विजयनगरच्या अमलातला आहे. त्र्यंबकेश्वरला ‘नारायण नागबली’ हा तीन दिवसांचा विधी होतो. त्यातला नागबली म्हणजे नाग मारल्याच्या पापाचे प्रायश्चित्त: गव्हाच्या पिठाचा नाग करून त्यावर माणसाप्रमाणे अंत्यसंस्कार करतात. इतर कोणत्याही सापाच्या वाट्याला हा मान येत नाही.

श्रावण शुद्ध पंचमीला नाग घरात येतो तो भाऊ म्हणून. आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात. पंचमीला पाटावर गंधाने किंवा हळदीने नाग-नागीण आणि त्यांची पिल्ले काढतात, लाह्या आणि दूध ठेवतात, जवळ वारूळ असेल तर तिथे जातात. त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही. सुरी-विळीला सुट्टी मिळाली की स्वयंपाक उकडीवर येतो: देशावर पुरणाची दिंडे, कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. नांगराखाली नागाची पिल्ले मेली आणि नागिणीने शेतकऱ्याच्या घरावर सूड उगवला, पण पाटावर नाग काढून पुजणारी लेक वाचली, अशी कहाणी सांगितली जाते. पावसाळ्यात बिळात पाणी शिरून साप वर येतात आणि शेतात कामाची गर्दी असते, तेव्हा खणण्या-नांगरण्याला घातलेला हा एका दिवसाचा बांध व्यवहारालाही धरून आहे. दुधाचे मात्र तसे नाही. साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याचे अन्न नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग ते पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेले नसते.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात पंचमीचा नाग मातीचा नव्हे, जिवंत असे. गोरखनाथांच्या कथेशी जोडलेल्या या प्रथेत गावातली मंडळे रानातून नाग पकडून आणत, त्यांची मिरवणूक काढत आणि नंतर पुन्हा सोडून देत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे गुन्हा ठरले आणि पुढे न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांच्या मिरवणुकीला आळा बसला. गावाचे म्हणणे, ही पूजा आहे, छळ नव्हे. कायद्याचे म्हणणे, नाग कोणाच्या मालकीचा नाही. गारुड्यांच्या धंद्यावरही त्याच कायद्याने गदा आली. ‘गारुडी’ हा शब्दच ‘गारुड’ म्हणजे विष उतरवण्याच्या विद्येवरून आला, आणि त्या विद्येचे नाव गरुडावरून. नाग खेळवणारा माणूस नावाने नागाच्या शत्रूच्या पक्षातला. त्याच्या पुंगीवर नाग डोलतो तो सुरांना भुलून नव्हे, समोर हलणाऱ्या भोपळ्यावर नजर ठेवून.

सापाचे नाव रात्री घेऊ नये, हा संकेत खेड्यापाड्यांतून अजून आहे. ‘जनावर निघालं’, ‘लांबडं दिसलं’ असे म्हणतात, आणि साप चावला असेल तर ‘पान लागलं’. नाव टाळले की धोका टळतो, ही कल्पना जगभर आहे. मराठीत तिने दंशालाही एक सौम्य नाव दिले. मात्र ‘नागोबा’ म्हणायला हरकत नसते, कारण ‘बा’ लावल्यावर ते नाव न राहता संबोधन होते. ‘आयत्या बिळावर नागोबा’ या म्हणीतही आदर आणि टोमणा एकत्र आहेत. म्हणीतले निरीक्षण बिनचूक आहे: नाग स्वतः बीळ खणत नाही, वाळवीचे वारूळ किंवा उंदराचे बीळ बळकावतो. डूख धरण्याची गोष्ट तशी खरी नाही, कारण सापाच्या मेंदूत माणसाचा चेहरा वर्षभर ठेवण्याची सोय नसते. तरीही मनात वैर बाळगणाऱ्यासाठी मराठीला ‘डूख धरणे’ याहून नेमका शब्द सापडलेला नाही. नागाच्या शेपटीवर पाय देणे, फणा काढणे, फूत्कार टाकणे हे वाक्प्रचार रागाचे. उलट फसवणूक, भ्रम किंवा व्यर्थ खटाटोप आला की भाषा सापाकडे वळते: साप साप म्हणून भुई धोपटतात, आणि मुले खेळतात ती सापशिडी, नागशिडी नव्हे.

नागाच्या आकाराने आणि चालीने दिलेले शब्द वेगळेच. ‘नागमोडी’ म्हणजे वळणावळणाची वाट, घाट, नदी किंवा अक्षर. खंडाळ्याच्या घाटातला पुढे झुकलेला कडा ‘नागफणी’. फड्या निवडुंगाच्या चपट्या पानांनाही कोणी नागफणी म्हणतात. विड्याच्या पानांची वेल ती नागवेल, संस्कृतात नागवल्ली. तिची पाने नागलोकातून आणल्याच्या कथा आहेत, पण वेलीचे वेटोळे आणि पानाचा फण्यासारखा आकार हे कारण डोळ्यांना अधिक पटते. नागचाफ्याच्या पांढऱ्या फुलात पिवळ्या केसरांचा झुबका असतो. वाण्याच्या दुकानात गोड्या मसाल्याच्या सामानात दगडफूल, तमालपत्र यांच्याबरोबर बांधून मिळते ते नागकेशर, बोलण्यात ‘नाकेशर’. कोकणात त्या नावाखाली सुरंगीच्या सुकलेल्या तांबूस कळ्याही विकल्या जातात. नाशिक-खानदेशाकडे नाचणीला ‘नागली’ म्हणतात.

या शब्दांत सगळ्यात भीती घालणारे नाव एका रोगाचे आहे: नागीण. कमरेला, पाठीला किंवा छातीवर एका बाजूला लाल पट्टा उठतो, त्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे पुंजके येतात आणि आग होते. पट्टा सरकत जातो आणि नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत अजून ऐकू येते. त्यासाठी गेरूचा लेप लावून तिची वाट अडवतात. हा रोग कांजिण्यांच्याच विषाणूचा. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू कण्याजवळच्या मज्जागाठींत दबून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच जात असल्याने पट्टा सहसा अर्ध्यावर थांबतो, आणि तोंड-शेपूट जुळण्याची वेळ येत नाही. लेपाने नागीण अडली असे वाटते ते त्यामुळे. डोळ्याजवळची नागीण मात्र खरोखर धोक्याची, आणि विषाणूविरोधी औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर गुण अधिक येतो.

युरोपीय भाषांनी हाच प्राणी वेगळ्या नावाने ओळखला. पोर्तुगीजांना गोव्यात तो दिसला तेव्हा त्यांनी त्याला ‘कोब्रा द कापेलु’ म्हणजे टोपीवाला साप म्हटले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या वनौषधींवरील ग्रंथात हे नाव आहे. पोर्तुगीजमध्ये ‘कोब्रा’ म्हणजे नुसता साप. इंग्रजीने टोपी टाकली आणि साप ठेवला, त्यामुळे ‘कोब्रा’चा अर्थ आखडून फणाधाऱ्यापुरता उरला. मराठीत ‘नाग’ शब्दाचे झाले तेच. लिनियसने १७५८ मध्ये या सापाच्या शास्त्रीय नावात ‘नाजा’ हा शब्द घातला, तो संस्कृत ‘नाग’ किंवा सिंहली ‘नया’च्या घरातलाच. पुढे लॉरेंटीने १७६८ मध्ये ‘नाजा’ ही स्वतंत्र प्रजाती केली. तमिळ लोक मात्र याला ‘नल्ल पाम्बु’ म्हणजे चांगला साप म्हणतात, भीतीपोटी गोड बोलण्याचा तोच जुना उपाय. गोवा आणि दक्षिण कोकणच्या जंगलात आढळणारा ‘नागराज’, इंग्रजीतला किंग कोब्रा, फणा काढतो, पण प्राणिशास्त्राने त्याला ‘नाजा’त घेतलेले नाही. तो इतर साप खाऊन जगतो, आणि त्याच्या शास्त्रीय नावाच्या पहिल्या शब्दाचा अर्थही तोच.

काही शब्दांत ‘नाग’ ऐकू येतो पण नसतो. ‘नागवा’, ‘नागडा’ आणि लुबाडणे या अर्थाचे ‘नागवणे’ हे ‘नग्न’ची संतती. कुंभमेळ्यातले नागा साधूही त्याच शब्दाचे. ‘नागर’, ‘नागरी’, ‘नागरिक’ आणि उटण्यातला नागरमोथा यांच्या मुळाशी ‘नगर’ आहे. शेतकऱ्याचा ‘नांगर’ संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला. ईशान्येकडच्या नागा लोकांचे नाव त्यांच्या शेजाऱ्यांनी दिलेले आहे, त्याच्या व्युत्पत्त्या अनेक आहेत आणि सापाशी त्याचा संबंध जोडायला आधार नाही. नागाव, नागोठणे, नागझरी अशा गावांच्या नावांतही हीच सावधगिरी लागते. वारूळ, नागशिल्प, जुना लेख किंवा ग्रामदेवतेची परंपरा असेल तर नाग मानावा, नुसत्या आवाजावरून नव्हे.